करार पाच वर्षांचा, टेबल तीन वर्षांचं

बँक हमीची मुदत शुक्रवारी संपली. आमच्या लक्षात आलं ते त्यानंतर अकराव्या दिवशी, आणि तेही कंत्राटदारानं काम अर्धवट टाकून रोलर आणि मिक्सर हलवले म्हणून. फाइल काढली तर हमीपत्र, म्हणजे कंत्राटदारानं करार मोडला तर ठरलेली रक्कम आम्ही देऊ असं बँकेचं लेखी वचन, जागच्या जागी होतं. स्टॅम्प पेपर नीट, बँकेचा शिक्का स्पष्ट, दोन्ही सह्या ठळक. पण बँकेकडे दावा पोचवायची शेवटची तारीख निघून गेली होती, आणि त्या तारखेनंतर हमीपत्र म्हणजे नुसता कागद.

सातारा जिल्ह्यात रस्ते, इमारती आणि लहान पुलांची कामं करणाऱ्या एका शासकीय कार्यालयातली ही गोष्ट आहे. कार्यालयाचं नाव देत नाही. मी तिथल्या लेखा शाखेतून निवृत्त झालेला माणूस. हे प्रकरण घडल्यावर कार्यालयप्रमुखांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, "भाऊसाहेब, करार सांभाळायचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलंय. मार्चच्या आत. मागणीचा मसुदा तुम्ही करून द्या." तेव्हा नोव्हेंबर चालू होता. समितीत एक कार्यकारी अभियंता, सध्याचे लेखाधिकारी, संगणक कक्षाचा तरुण समन्वयक आणि बाहेरचा सभासद म्हणून मी.

पुढच्या काही महिन्यांत हा मसुदा तीनदा बदलला. पहिला मसुदा आणि शेवटचा मसुदा शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या वस्तूंची खरेदी वाटावी इतका फरक आहे. तो फरक कसा पडला, हे सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण अशी खरेदी आज पुष्कळ कार्यालयांच्या दाराशी आली आहे.

भिंतीवरची दिनदर्शिका

पहिल्या बैठकीत सगळ्यांचा रोख नव्या लिपिकावर होता. त्यानं हमीची तारीख पाहिली नाही, एवढंच. मला ते पटेना. मी त्याच्याकडे कार्यभाराची यादी मागितली. निविदा टेबल त्याच्याकडे जूनमध्ये आलं होतं. दोन कपाटं, चार नोंदवह्या, शिक्के, किल्ल्या, सगळं यादीत होतं. हम्यांबद्दल एकच ओळ होती: "बँक हम्या – फाइलप्रमाणे."

त्याच्या आधी त्या टेबलावर ज्या बाई होत्या, त्यांना मी माझ्या नोकरीपासून ओळखतो. त्यांची पद्धत अशी, की हमीपत्र हातात आलं की भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, मुदत संपायच्या दीड महिना आधीच्या चौकोनात, लाल पेनानं फाइल क्रमांक लिहायचा. १ जानेवारीला नवी दिनदर्शिका टांगली की जुन्या खुणांपैकी ज्या उरल्या असतील त्या पुढे उतरवायच्या. सहा वर्षं ही पद्धत चालली आणि त्या सहा वर्षांत एकही हमी हुकली नाही. मे महिन्यात बाईंची बदली झाली. टेबल सोडताना कोणीतरी भिंत रंगवायला काढली आणि दिनदर्शिका रद्दीत गेली.

महाराष्ट्रात बदल्यांचा अधिनियम २००५ चा आहे. पदावधी साधारण तीन वर्षांचा. गट क मधल्या कर्मचाऱ्याला एका कार्यालयात असे दोन पदावधी काढता येतात, पण त्या काळातही बरेचदा टेबल बदलतं. आता करार पाहा. काम दीड-दोन वर्षांचं, त्यावर मुदतवाढ, त्यावर दोष दायित्व कालावधी, म्हणजे पूर्ण झालेल्या कामातले दोष कंत्राटदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा काळ. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याला तर पूर्ण झाल्यावर पाच वर्षांची देखभाल कंत्राटदाराकडेच असते. म्हणजे करारावर सही होते तेव्हा जो माणूस टेबलावर असतो, तो शेवटची अनामत परत करायच्या दिवशी तिथे नसणार, हे जवळजवळ ठरलेलंच आहे. करार टेबलापेक्षा जास्त जगतो. आपल्याला विकत घ्यायची आहे ती या मधल्या अंतरातली आठवण, असं मी समितीला सांगितलं. त्या दिवशी ते कोणाला फारसं भिडलं नाही.

चौऱ्याऐंशी मुद्द्यांची यादी

समन्वयकानं एक यादी आणली होती. एका विक्रेत्यानं दिलेली, चौऱ्याऐंशी मुद्द्यांची. "साहेब, एवढं सगळं मिळतंय तर मागून घेऊ." मुलगा प्रामाणिक होता आणि मेहनतीही, त्याला दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं. त्याच विक्रेत्यानं साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळच्या आमच्या बैठकीच्या खोलीत प्रात्यक्षिकही दिलं. पडद्यावर दोन पक्ष कराराच्या मसुद्यावर वाटाघाटी करताहेत, एक जण कलम खोडतोय, दुसरा बदल सुचवतोय, मग कृत्रिम बुद्धिमत्ता जोखमीचं कलम पिवळं करून दाखवतेय. देखणं होतं, यात शंका नाही.

मी एकच गोष्ट विचारली. आमच्या बांधकामाच्या निविदा बी-१ आणि बी-२ या छापील नमुन्यांवर निघतात. बी-१ म्हणजे टक्केवारी दराची (अंदाजपत्रकाच्या किती टक्के वर किंवा खाली), बी-२ म्हणजे बाब दराची (प्रत्येक बाबीचा वेगळा दर). अटी शासनानं ठरवलेल्या असतात. कंत्राटदार त्या मान्य करूनच दर भरतो. निविदा उघडल्यावर कलम खोडायची मुभा त्याला नाही आणि आम्हालाही नाही. मग वाटाघाटीचा हा सगळा भाग आमच्याकडे वापरणार कोण? विक्रेत्याच्या प्रतिनिधीनं सरळपणे मान्य केलं, की हे खासगी कंपन्यांसाठी बनलेलं आहे, तिथे करार सही होईपर्यंतचा प्रवास लांब असतो.

खासगी कंपनीत करारातलं कष्टाचं काम सहीच्या आधी असतं, आमच्याकडे ते सहीच्या नंतर सुरू होतं. निविदेपासून कार्यारंभ आदेशापर्यंतचा टप्पा महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर बऱ्यापैकी शिस्तीत पार पडतो. ते पोर्टल एनआयसी या केंद्राच्या संगणक संस्थेच्या प्रणालीवर चालतं, तिथे प्रत्येक निविदेला क्रमांक असतो, तांत्रिक आणि दराचा असे दोन लिफाफे असतात, उघडण्याची वेळ नोंदलेली असते. कार्यारंभ आदेश निघाला की मात्र करार कापडी बस्त्यात शिरतो, आणि पुढची चार-पाच वर्षं त्याची देखरेख एका माणसाच्या लक्षावर चालते. चौऱ्याऐंशीपैकी पन्नासहून अधिक मुद्दे सहीच्या आधीचे होते. ते आम्ही काढले. यादी हलकी झाली, पण उरलेल्या मुद्द्यांतही आमचं दुखणं कुठे दिसेना.

तीस फायली

मग मी सुचवलं की विक्रेत्यांना बोलावणं थांबवू आणि आपल्याच फायली वाचू. कार्यकारी अभियंता आधी नाराज झाले. मार्च जवळ येत होता आणि निधी परत जायची भीती खरी होती. शेवटी चार दिवस मिळाले. तीस फायली निवडल्या: दहा पूर्ण झालेल्या कामांच्या, दहा चालू, दहा वादात अडकलेल्या. मुद्दाम पश्चिमेकडच्या आणि पूर्वेकडच्या तालुक्यांतल्या मिसळून घेतल्या. बदलून गेलेल्या त्या बाईंना त्यांच्या नव्या कार्यालयाची परवानगी घेऊन दोन दिवस बोलावलं.

काम साधं होतं. फाइलचं प्रत्येक पान उलटायचं आणि जिथे जिथे "या तारखेच्या आत कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं" असं दिसेल, तिथे ती तारीख, ते काम आणि ते करणारं पद लिहायचं. पहिल्या फाइलला तीन तास लागले. एकाच रस्त्याच्या करारात अशा तेवीस तारखा निघाल्या.

बँक हमीची मुदत आणि दावा करायची मुदत, या दोन वेगळ्या. हमी खरी आहे का याची बँकेकडून थेट खातरजमा करून घ्यायची असते. कंत्राटदारानं हातात आणून दिलेलं बँकेचं पत्र ही खातरजमा नव्हे, तरी पाच फायलींत तेवढंच लावलेलं होतं. दर अंदाजपत्रकाहून फार खाली असेल तर घ्यायची वाढीव सुरक्षा ठेव, तिची वेगळी मुदत. कामाचा विमा. कामाचे टप्पे. मुदतवाढीचा अर्ज: बी-१ च्या कलम ६ प्रमाणे अडथळा आल्यापासून ३० दिवसांच्या आत किंवा मूळ मुदत संपायच्या आत, यात जी तारीख आधी येईल तिच्यापूर्वी कंत्राटदारानं अर्ज करायचा असतो. प्रत्यक्षात अर्ज येतो शेवटच्या बिलाच्या वेळी, मागची तारीख टाकून, आणि मग एजी ऑडिटमध्ये, म्हणजे महालेखापालांच्या तपासणीत, पॅरा (आक्षेप) निघतो. कलम ३८ चंही तसंच. एखाद्या बाबीचं परिमाण निविदेतल्या आकड्याच्या सव्वापटीवर गेलं की जादा परिमाणाच्या दराचा प्रश्न उभा राहतो. ती रेषा ओलांडली जाते त्या दिवशी मोजमाप घेणारे रावसाहेब, म्हणजे कनिष्ठ अभियंता, साइटवर असतात आणि फाइल इकडे कार्यालयात.

या तारखा एकमेकींना बांधलेल्याही असतात, हे आम्हाला फायली वाचूनच कळलं. मुदतवाढ मंजूर झाली की हमीची मुदत वाढवून घ्यायला हवी, विम्याची वाढवून घ्यायला हवी, आणि दोष दायित्व कालावधीची सुरुवातही पुढे सरकते. आमच्या अकरा फायलींत मुदतवाढीचा आदेश व्यवस्थित होता, पण त्याच्या मागून हमी वाढवून घेतल्याचं पत्र नव्हतं. ज्या हमीनं हे सगळं सुरू झालं, तिथेही हेच झालेलं. तारखेवर नुसतं लक्ष ठेवून भागलं नसतं. मुदतवाढीच्या आदेशावर सही झाली त्याच क्षणी हमीच्या टेबलाला निरोप जायला हवा होता.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यात फार ठळक दिसते. निविदेत कामाची मुदत लिहिताना "१२ महिने, पावसाळ्यासह" किंवा "पावसाळा वगळून" असं लिहितात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणच्या दहिवडीत पाचशेच्या आसपास. जावळी-पाटणच्या डोंगरात जूनपासून डांबराचं काम बंद होतं, ते दसऱ्याच्या आगेमागे सुरू होतं. माण-खटावात त्याच दिवसांत काम चालू असतं. जिल्हा एक, नमुना एक, पण मुदत मोजायची रीत तालुक्यागणिक वेगळी. जे सॉफ्टवेअर कार्यारंभाच्या तारखेत ३६५ दिवस मिळवून पूर्णत्वाची तारीख दाखवतं, ते पाटणच्या कामाला चुकीची तारीख दाखवेल, आणि ती पडद्यावर आहे म्हणून लोक तिच्यावर विश्वास ठेवतील. ही अट आमच्या मागणीत आली ती बाईंच्या आग्रहामुळे.

तिसऱ्या दिवशी कार्यकारी अभियंता स्वतः फायली वाचायला बसले. त्यानंतर त्यांनी मार्चचं नाव काढलं नाही.

आधी साधा तक्ता

फायली वाचून झाल्यावर मी म्हणालो, की सॉफ्टवेअर येईपर्यंत हाच तक्ता संगणकावर भरायला घेऊ. प्रत्येक चालू कराराची एक ओळ, तारखांचे रकाने, आणि "मूळ कागद कुठे" हा रकाना सक्तीचा. स्कॅन कितीही सुंदर असला तरी बँकेकडे जायचं मूळ हमीपत्र, आणि न्यायालयात मागतात तो मूळ करारनामा. कपाट क्रमांक, कप्पा, बस्ता. हे लिहिताना सात हमीपत्रं अशी निघाली की ती तिजोरीऐवजी उपविभागाच्या फाइलला टाचलेली होती.

या तक्त्यानं दोन कामं झाली. एक तर धोका लगेच आटोक्यात आला. दुसरं म्हणजे नव्या प्रणालीत भरायची माहिती तयार झाली. सॉफ्टवेअरच्या खरेदीत जुनी माहिती भरण्याचं काम कोणाचं, हा मुद्दा बहुतेक निविदांत एका वाक्यात उरकलेला असतो: "पुरवठादार आवश्यक ते सहकार्य करील." मग सहा महिने कोणीच भरत नाही आणि प्रणाली रिकामी पडून राहते. चालू करार आम्ही भरणार, पूर्ण झालेले पण दोष दायित्वात असलेले करार पुरवठादार भरणार, नमुना तपासणी लेखा शाखा करणार, अशी वाटणी आम्ही आकड्यांसह लिहिली.

ई-ऑफिसमध्येच, म्हणजे फायली संगणकावर हलवायच्या शासनाच्या प्रणालीतच, हे होणार नाही का, असाही प्रश्न आला. ई-ऑफिस टिपणी आणि पत्रव्यवहार उत्तम हलवतं. पण नस्ती बंद झाली की ती शांत होते, चार वर्षांनी उठून स्वतःहून काही सांगत नाही. महाटेंडर्सचं काम कार्यारंभ आदेश निघाल्यावर संपतं. तिथला निविदा क्रमांक मात्र आमच्या प्रत्येक ओळीचा पहिला रकाना राहील असं ठरवलं, म्हणजे एकाच कामाला तीन ठिकाणी तीन नावं पडणार नाहीत.

काय घ्यायचं नाही

सगळ्यात लांबलेला वाद मोजमाप पुस्तिकेवर, म्हणजे झालेल्या कामाची मोजमापं जिच्यात नोंदवतात त्या वहीवर, झाला. अभियंत्यांना वाटत होतं, घेतोच आहोत तर मोजमापं आणि चालू बिलंही यातच हवीत. बिलातली आयकराची, जीएसटीची दोन टक्क्यांची, कामगार उपकराची एक टक्क्याची कपातही आपोआप व्हावी. मी विरोध केला आणि आजही मला तो बरोबर वाटतो. मोजमाप पुस्तिकेला स्वतःचे नियम आहेत, तिची पानं क्रमांकित असतात, तपासणीची टक्केवारी ठरलेली असते. न्यायालयात ती पुरावा म्हणून उभी राहते. बिलं आणि निधी यांच्या प्रणाली वेगळ्या चालतात आणि त्या आमच्या हातात नाहीत. हे सगळं एकाच खरेदीत कोंबलं असतं तर तीन वर्षं जोडणीच्या कामात गेली असती आणि हमीची तारीख तोपर्यंत भिंतीवरच राहिली असती. तडजोड अशी झाली: प्रत्येक बिलाची तारीख, रक्कम आणि बाबवार एकूण परिमाण एवढंच नोंदवायचं, म्हणजे कलम ३८ ची रेषा जवळ आली की इशारा मिळेल.

पैसा

अंदाजपत्रकात पहिल्या मसुद्यात एकच रक्कम होती: सॉफ्टवेअर खरेदी. मी लेखा शाखेत आयुष्य काढलं आहे, त्यामुळे इथे मी हट्टाला पेटलो. ही वस्तू टेबल-खुर्चीसारखी एकदा आणून ठेवायची नसते. सर्व्हरचं भाडं दर वर्षी, देखभाल दर वर्षी, सुरक्षा तपासणी ठरावीक काळानं, आणि बदल्या दर मे महिन्यात म्हणून प्रशिक्षणही दर वर्षी. पहिल्या वर्षी भांडवली तरतुदीतून पैसे मिळाले आणि दुसऱ्या वर्षी आवर्ती, म्हणजे दर वर्षीच्या, खर्चाला लेखाशीर्षच नाही, म्हणून बंद पडलेल्या प्रणाली मी स्वतः पाहिल्या आहेत. म्हणून पाच वर्षांचा एकूण खर्च आधी मांडला, आवर्ती भागाला शीर्षासह मान्यता घेतली, आणि निविदेत सर्वांत कमी दर ठरवायचा तो या पाच वर्षांच्या बेरजेवर, असं लिहिलं. नाहीतर पहिलं वर्ष जवळजवळ फुकट आणि दुसऱ्या वर्षापासून गळ्याला दोर, अशा दराला आपणच पहिला क्रमांक देऊन बसतो.

वापरकर्त्यांगणिक परवाना ही दुसरी खोच. उपविभागात कनिष्ठ अभियंता, लिपिक, उपअभियंता असे सहा-सात जण. प्रत्येकाचे पैसे पडतात म्हटल्यावर उपविभागाला एकच परवाना दिला जातो आणि पासवर्ड खडूनं कपाटावर लिहिला जातो. मग कोणी काय बदललं याची नोंद निरर्थक ठरते, आणि ती नोंद हाच तर ऑडिटपुढचा आपला आधार. म्हणून संपूर्ण कार्यालयासाठी एकच दर, माणसं कितीही.

खरेदीची वाट

राज्याच्या कार्यालयीन खरेदीची नियमपुस्तिका उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयानं आली आणि नंतर तिच्यात दुरुस्त्या होत गेल्या. त्यामुळे कोणती मर्यादा आज लागू आहे हे निविदा काढायच्या आठवड्यात पुन्हा तपासायचं, असा मी टिपणीतच शेरा लिहिला. जेम या केंद्राच्या सरकारी खरेदी पोर्टलवर तयार सेवा पाहिल्या. आमच्या अटी तिथल्या ठरीव नोंदींत बसत नव्हत्या, म्हणून सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेनं, कारणं नोंदवून, महाटेंडर्सवर दोन लिफाफ्यांची निविदा काढायचं ठरलं.

पात्रतेच्या अटींत मोठी उलाढाल मागायचा मोह टाळला. त्यानं स्पर्धा आटते आणि चांगलं काम करणाऱ्या लहान कंपन्या दाराबाहेर राहतात. गुणांकनही ठेवलं नाही. त्याऐवजी तांत्रिक लिफाफ्यानंतर एक प्रत्यक्ष चाचणी: आमच्याच दहा फायली, नावं आणि खाते क्रमांक झाकून, प्रत्येक निविदाकाराला सारख्याच द्यायच्या आणि ठरलेली कामं आमच्यासमोर करून दाखवायची. जमलं तर पात्र, नाही तर नाही. कोणती कामं, हे निविदेतच छापलं, म्हणजे नंतर कोणाला पक्षपात म्हणायला जागा नको.

त्यातलं एक काम शोधाचं होतं, आणि ते दिसतं तितकं किरकोळ नाही. "बँक" हा शब्द कोणी एका चंद्रबिंदूच्या चिन्हानं टंकतो, कोणी चंद्र आणि अनुस्वार अशी दोन चिन्हं देतो. डोळ्याला सारखंच दिसतं, संगणकाला दोन वेगळे शब्द. "दुसऱ्या" मधल्या ऱ्या चं तेच. आकडे कोणी देवनागरीत लिहितो, कोणी इंग्रजीत. शिवाय युनिकोड येण्याआधीच्या फायली श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये. त्या उघडल्या तर अक्षरांऐवजी चिन्हांचा पसारा दिसतो. राज्याचा कारभार मराठीत चालतो, १९६४ पासून तसा कायदाच आहे. मग मराठी शोध "पुढच्या आवृत्तीत देऊ" हे उत्तर आम्ही का घ्यावं? एकाच हमीची नोंद चारही प्रकारांनी शोधली तरी सापडली पाहिजे, ही अट ठेवली.

सुरक्षेचं थोडक्यात सांगतो. माहिती भारतातच, केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयानं सूचीबद्ध केलेल्या क्लाउडवर किंवा शासनाच्या डेटा सेंटरमध्ये. वापर सुरू करण्याआधी सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या तपासनीसाकडून तपासणी. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर हल्ल्यासारखी घटना सहा तासांत कळवायची आणि नोंदी १८० दिवस जपायच्या. कंत्राटदारांच्या आधारच्या छायाप्रती फायलींत सर्रास असतात. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानंतर त्या जशाच्या तशा स्कॅन करणं बरोबर नाही, म्हणून क्रमांक झाकूनच चढवायच्या.

निरोपाचं कलम मी स्वतः लिहिलं. करार संपला किंवा मोडला तर सगळी माहिती, जोडलेल्या कागदांसह, कुठल्याही साध्या तक्त्यात उघडेल अशा रूपात ३० दिवसांत परत. त्याचे वेगळे पैसे नाहीत. आणि दर वर्षी एकदा अशी परत घेण्याची तालीम. तालीम झाल्याशिवाय त्या वर्षाच्या देखभालीचं शेवटचं बिल निघणार नाही. आम्ही इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हम्यांच्या तारखा विसरत आलो होतो. या पुरवठादाराच्या हमीच्या तारखेसाठी तक्त्यात निविदा निघायच्या आधीच रकाना आखून ठेवला.

चाचणीचा दिवस

निविदा मार्चमध्ये निघाली नाही. आधी मान्यता लांबली, मग आचारसंहिता लागली. निधीचा एक भाग परत गेला आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागावा लागला. हे नुकसान होतं आणि ते समितीनं टिपणीत नोंदवलं. निविदापूर्व बैठकीत आलेल्या प्रश्नांवरून दोन अटी सैल केल्या, पावसाळ्याची मात्र केली नाही.

चाचणीला तीन निविदाकार आले. बाईंना पुन्हा बोलावलं होतं. पहिल्या निविदाकारानं मुदतवाढीचा आदेश नोंदवला, हमी वाढवायचा इशारा लगेच पडद्यावर आला, शोधही चारही प्रकारांनी लागला. सगळे खूश. बाईंनी विचारलं, "हा इशारा जातो कुणाला?"

"ज्यांनी नोंद केली त्यांना, मॅडम. मोबाइलवर आणि ईमेलवर."

"आणि मी बदलून गेले तर?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, की नवीन माणसाच्या नावावर सगळ्या नोंदी हलवता येतील, प्रत्येक नोंद उघडून. आमच्या छापील कामांत सतरावं काम हेच होतं: वापरकर्ता बंद करा आणि त्याचे पुढचे सगळे इशारे त्या पदावर आलेल्या नव्या माणसाकडे, आणि पद रिकामं असेल तर वरच्या अधिकाऱ्याकडे, आपोआप गेलेले दाखवा. पहिल्याला ते जमलं नाही. दुसऱ्याला जमलं, पण पद रिकामं ठेवल्यावर इशारा कुठेच गेला नाही. तिसऱ्यानं वापरकर्ता बंद केला, पद रिकामं ठेवलं, तारीख पुढे सरकवली. लेखाधिकाऱ्यांचा फोन टेबलावर थरथरला. त्यांनी तो उचलून बाईंपुढे धरला: फाइल क्रमांक, बँकेचं नाव, ४५ दिवस शिल्लक, मूळ हमीपत्र कपाट २, कप्पा ३.

बाईंनी चष्मा वर करून तो नीट वाचला. मग म्हणाल्या, "भाऊसाहेब, यात बँकेला जायचं पत्रही तयार निघायला पाहिजे. 'मुदत वाढवा, नाहीतर रक्कम द्या' असं. मी ते हातानं लिहायचे आणि शाखेत नेऊन आवकचा शिक्का मारून आणायचे. नुसतं आठवून काय उपयोग?"

निविदा उघडलेली होती, आता नवी अट घालता येत नव्हती. पण पत्राचा नमुना तयार करायला कोणाची हरकत नव्हती. समन्वयकानं तिथेच संगणक ओढला आणि बाई सांगतील तसं टंकायला सुरुवात केली. तक्त्यात त्या आठवड्यात मुदतीजवळ आलेल्या दोन हम्या होत्या. दोन्ही पत्रांवर साहेबांच्या सह्या झाल्या. बाईंची परतीची एसटी साडेचारला होती. शिपायानं त्याआधी एका शाखेतला आवकचा शिक्का त्यांना आणून दाखवला.